नाताळबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती घरातून

डिसेंबर लागला की सोसायटीतले शेजारी, ऑफिसातले सहकारी आणि मुलाचे मित्र मला दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. विचारतात त्याचा आनंदच आहे, पण लिफ्टमध्ये चार मजल्यांत उत्तर होत नाही. म्हणून यंदा बसून सगळं लिहून काढलं. मी मूळची नगर जिल्ह्यातली, लग्नानंतर पुणेकर, कॅथलिक. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या भागाच्या चर्चमध्ये, रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. प्रॉटेस्टंट मंडळींच्या काही रीती वेगळ्या आहेत, त्या इथे सांगितलेल्या नाहीत.

नाताळला तुम्ही नेमकं काय साजरं करता?

देव माणूस होऊन आमच्यात राहायला आला, हे.

लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, गोष्ट थोडक्यात आहे. रोमी बादशहा ऑगस्टसने शिरगणतीचा हुकूम काढला. नाव नोंदवायला योसेफ नासरेथहून बेथलेहेमला निघाला. मरिया बरोबर होती आणि तिचे दिवस भरत आले होते. गावात पोचल्यावर उतारशाळेत जागा मिळाली नाही. बाळ जन्मलं, आईने त्याला बाळंत्यात गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं. गव्हाण म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. जनावरांच्या वैरणीची जागा. पाळणा मिळाला नाही म्हणून बाळ तिथे निजलं.

बातमी पहिल्यांदा कुणाला कळली, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. रात्री मेंढरं राखत बसलेल्या मेंढपाळांना. माझ्या माहेरी पिकं निघाल्यावर धनगर शेतात मेंढरं बसवायला यायचे. रात्रभर जाळीबाहेर कांबळं पांघरून राखण करायचे, कुत्रं भुंकलं की उठायचे. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला तेच लोक दिसायचे, आजही तेच दिसतात. देवाने पहिला निरोप पाठवला तो त्यांना. राजवाड्यात नाही, मंदिराच्या याजकांकडेही नाही.

म्हणजे अवतारच ना?

समजून घ्यायला तो शब्द जवळचा आहे, आणि कुणी तसं म्हटलं तर मी हटकत नाही. आम्ही 'देहधारण' म्हणतो. फरक असा की आमच्या श्रद्धेनुसार हे एकदाच घडलं, आणि देवाने माणसाचं सगळं स्वीकारलं: भूक, थकवा, रडणं, शेवटी मरणसुद्धा. शिवाय तो आला तो असा असहाय, की दुसऱ्याने उचलून घेतल्याशिवाय त्याला हलताही येईना. मत्तयच्या शुभवर्तमानात त्याला इम्मानुएल म्हटलंय, म्हणजे 'आम्हांबरोबर देव'. नाताळचा सगळा अर्थ या एका नावात आहे, आणि पुढची सगळी उत्तरं मी याच नावाला धरून दिली आहेत.

येशूचा जन्म खरंच २५ डिसेंबरला झाला का?

बायबलमध्ये तारीख दिलेली नाही. रोममध्ये इ.स. ३३६ च्या सुमारास २५ डिसेंबर पाळत असल्याची नोंद मिळते. ही तारीख कशी ठरली, यावर अभ्यासकांची दोन मतं आहेत. एक असं की तेव्हा रोममध्ये 'अजिंक्य सूर्या'ची उपासना जोरात होती, सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये तिला राजाश्रय दिला होता, आणि ख्रिस्ती लोकांनी त्याच दिवसांत खऱ्या प्रकाशाचा सण धरला. दुसरं असं की मरियेला गर्भ राहिला तो दिवस २५ मार्च मानत, तिथून नऊ महिने मोजले.

आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला साजरा करतं. जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळणारे ऑर्थोडॉक्स ७ जानेवारीला. त्यामुळे आमच्या श्रद्धेला काही धक्का बसत नाही. हा वाढदिवस मोजण्याचा सण नव्हे.

'नाताळ' की 'ख्रिसमस'? आणि 'एक्समस' लिहिलं तर राग येतो का?

नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, अर्थ जन्म. ख्रिसमस म्हणजे ख्रिस्ताचा मिस्सा; मिस्सा ही आमची चर्चमधली मुख्य उपासना. 'एक्समस'मध्ये ख्रिस्ताला फुली मारलेली नाही. ग्रीकमध्ये 'ख्रिस्त' शब्दाचं पहिलं अक्षर इंग्रजी एक्ससारखं दिसतं, त्याचा तो जुना संक्षेप आहे. राग बिलकुल येत नाही.

सांता क्लॉज तुमचा देव आहे का?

नाही. संतही नाही, पण त्याच्या मागे एक खरा संत आहे. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, मायरा या गावी निकोलस नावाचे बिशप होते. त्यांच्याबद्दलची एक कथा मी वर्गात दरवर्षी सांगते. एका गरिबाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती. निकोलसने रात्रीच्या अंधारात, कुणाला कळू न देता, खिडकीतून त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. हुंडा हा शब्द आला की वर्गातल्या मोठ्या मुली मान वर करून ऐकतात.

हॉलंडमध्ये या संताचं नाव 'सिंटरक्लास' झालं. ते अमेरिकेत गेलं आणि एकोणिसाव्या शतकात तिथल्या कवी-चित्रकारांनी त्याचा गोलमटोल हसरा आजोबा केला. १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी तो जगभर पोचवला. लाल कपडे त्या कंपनीने दिले असं सर्रास सांगतात, पण लाल कपड्यांतला सांता त्याआधीही चित्रांत होता.

मला खटकतं ते एकच. निकोलसने आपलं नाव लपवून दिलं, आणि आज त्याचा चेहरा दुकानाच्या दारावर गिऱ्हाईक बोलावायला उभा असतो.

दुकानांत नोव्हेंबरपासूनच ख्रिसमस लागतो. तुमचा सण सुरू कधी होतो?

२४ डिसेंबरच्या रात्री. त्याआधीचे चार रविवार आमचा आगमनकाळ असतो, आणि तो वाट पाहण्याचा काळ आहे.

हे मी जरा विस्ताराने सांगते, कारण माझ्या मते बाजाराने नाताळातून सगळ्यात मोठी चीज नेली असेल तर ती हीच. आगमनकाळात फादरांचा झगा जांभळा असतो. 'ग्लोरिया', म्हणजे गौरवगीत, त्या रविवारी म्हणत नाहीत. हिरव्या पानांच्या वर्तुळात चार मेणबत्त्या असतात, दर रविवारी एक वाढवायची. पहिल्या आठवड्यात एकटी ज्योत असते, चौथ्या आठवड्यात चारही. लोक पापनिवेदनाला जातात, तुटलेली नाती सांधायचा प्रयत्न करतात. श्रावण पाळणाऱ्या घरात हे वातावरण लगेच समजेल.

आमच्या वर्गात या दिवसांत एक रिकामी गव्हाण ठेवतो. चांगलं काम केलं की मुलाने गवताची एक काडी त्यात टाकायची, बाळाला खाली मऊ लागावं म्हणून. मागे एका मुलाने भांडण मिटवल्याच्या दोन काड्या मागितल्या. भांडणात दोघं होते, मग काड्याही दोन. मी दिल्या.

घरी येशूजन्माचा जो गोठा मांडतो, त्यातली गव्हाणही अशीच रिकामी राहते. सासूबाई मूळच्या गोव्याच्या, त्यांची रीत अशी की नाताळच्या दहाएक दिवस आधी पसरट ताटल्यांत माती घालून नाचणी पेरायची आणि टोपलीखाली झाकून ठेवायची. घटाला धान्य पेरतात तसंच. नाताळपर्यंत चार बोटं उंच, पिवळसर हिरवी, लवलवती रोपं येतात. ती गोठ्याभोवतीची शेतं. योसेफ, मरिया, बैल, गाढव, मेंढपाळ सगळे आपापल्या जागी उभे असतात, मध्ये गव्हाण रिकामी. बाळाची मूर्ती कापसात गुंडाळून बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली असते. मध्यरात्रीच्या मिस्साहून आल्यावर घरातलं सगळ्यात लहान माणूस तो डबा उघडतं.

मी स्वतः हे एकदा गमावलंय. सहा-सात वर्षांपूर्वी २४ च्या संध्याकाळी कॅम्पात 'शेवटची' खरेदी करायला गेले. मुलाचे बूट, नणंदेची साडी, आणखी एका दुकानात सूट होती म्हणून तिथे. एम.जी. रोडवर पाऊल टाकायला जागा नव्हती. चर्चला पोचले तेव्हा गौरवगीत होऊन गेलं होतं. त्या वेळी घंटा वाजतात, दिवे लागतात आणि फादर बाळाला गव्हाणीत ठेवतात. महिनाभर ज्या क्षणाची वाट पाहायची तो माझ्या हातातल्या पिशव्यांनी नेला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, सरकून बसायला जागा दिली. तेव्हापासून आमच्या घरी खरेदी १५ तारखेच्या आत संपते. राहिलं ते राहिलं.

सणाचा बाजार झालाय, याचा तुम्हाला राग येतो का?

राग कमी, दुःख जास्त. पण सगळा दोष बाजारावर टाकायला मी तयार नाही.

बोहरी आळीत चांदण्या आणि माळा विकणाऱ्याचं घर त्यावर चालतं. कॅम्पातल्या बेकऱ्यांत डिसेंबरात भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात, त्या कामगारांना चार पैसे जास्त मिळतात. त्यांचा सण हिरावून घ्यावा असं मला कधीच वाटलं नाही. आणि अतिरेकाची तक्रारही आजची नाही. नाताळात देवापेक्षा दारू आणि धांगडधिंगा जास्त चालतो, शिवाय बायबलात या सणाची आज्ञाच नाही, म्हणून प्युरिटन नावाच्या कडव्या प्रॉटेस्टंट लोकांनी इंग्लंडमध्ये १६४७ साली तो बंद केला होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. बंदी घालून काही साधलं नाही, लोकांनी सण सोडला नाही.

मला लागतं ते वेगळंच. एका मॉलमध्ये तीन मजली झाड होतं, बर्फ होता, हरणं होती, झुकझुक गाडी होती. मेंढपाळ नव्हते, मरिया नव्हती, बाळ कुठेच नव्हतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई आपल्या मुलीला ते झाड दाखवायला घेऊन गेल्या होत्या. दारावरच्या माणसाने इतकी चौकशी केली की त्या बाहेरूनच, काचेतून झाड बघून परत आल्या. त्यांनी मला हे सहज सांगितलं. मला उतारशाळा आठवली.

दुसरी गोष्ट आमच्याच समाजातली आहे. गरीब ख्रिस्ती घरांतही आता नवे कपडे, केक, झाड, रोषणाई हे सगळं 'झालंच पाहिजे' झालंय. पतपेढीची उचल घेऊन नाताळ करणारी आणि जूनपर्यंत हप्ते फेडणारी घरं मला माहीत आहेत. ज्या बाळाला पाळणा नव्हता त्याच्या जन्मासाठी एखाद्या आईने कर्ज काढावं, हे मला सहन होत नाही, आणि वर्गात पालकांना मी हे स्पष्ट सांगते.

शेजारचे काका गणपतीत असेच अस्वस्थ होतात. लोकमान्यांनी १८९३ मध्ये ज्या हेतूने उत्सव रस्त्यावर आणला तो डीजेच्या भिंतीमागे दिसेनासा होतो, असं ते म्हणतात. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा आणि २६ डिसेंबरचा माझा चेहरा सारखाच असतो.

गोठा का करतात? तो तरी बायबलमधला का?

गव्हाण बायबलमधली आहे. गोठ्याचा देखावा पहिल्यांदा मांडला तो असिसीच्या संत फ्रान्सिसने, १२२३ साली, इटलीतल्या ग्रेच्चो गावी. त्याने मूर्ती मांडल्या नाहीत. खरं गवत, खरा बैल, खरं गाढव आणि गव्हाणीवर मिस्सा. देव किती गरीब होऊन आला हे लोकांनी डोळ्यांनी पाहावं, एवढीच त्याची इच्छा होती. गंमत म्हणजे बैल आणि गाढव जन्माच्या गोष्टीत नाहीत, ते यशया संदेष्ट्याच्या एका वचनावरून आले. पूर्वेकडचे ज्ञानी लोक मत्तयमध्ये आहेत, पण तीन होते असं कुठे लिहिलेलं नाही. भेटी तीन होत्या: सोनं, ऊद आणि गंधरस.

झाड आणि केक धर्मात सांगितलेत का?

नाहीत. झाड जर्मनीतून आलं, केक इंग्रजांकडून. पुण्याच्या नर्सऱ्यांत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते कुंडीतलं अरॉकेरिया, नंतरही छान वाढतं. मराठी ख्रिस्ती घरात केक असतोच, पण खरा घाट फराळाचा. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, लाडू. सासूबाईंमुळे आमच्याकडे कुलकुलही होतात: मैद्याची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि वळत आणायची, की शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. रात्री दहानंतर सगळे मिळून वळत बसतो.

नाताळला दारू पिणं धार्मिक आहे का?

नाही. मिस्सात द्राक्षारस वापरतात, तो वेदीवर. ३१ डिसेंबरच्या पार्टीचा आणि नाताळचा काही संबंध नाही.

हा मुळात इंग्रजांचा सण ना?

हा प्रश्न मनाला लागतो, तरी उत्तर शांतपणे देते.

येशू जन्मला आशियात. इंग्रजांचं राज्य पुण्यात आलं १८१८ मध्ये. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च त्याच्या कितीतरी आधीचं, १७९२ सालचं. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती सैनिक होते, त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांनीच ही जागा दिली. शनिवारवाड्यावर पेशव्यांचं राज्य असताना या शहरात नाताळ होत होता, आणि पेशव्यांच्या परवानगीने होत होता. कॅम्पातलं सेंट मेरीज आणि सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल ही नंतरची, पलटणींसाठी बांधलेली.

भाषेचं म्हणाल, तर फादर स्टीफन्स हे जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओव्यांत बांधली, ती १६१६ मध्ये छापली गेली. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आजही आमच्याकडे पेटी, तबला आणि टाळांवर चालतात. गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन तर जुन्या पुणेकरांना माहीतच असतं. १८९० मध्ये तिथे चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह बऱ्याच जणांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं होतं. आज त्याच परिसरात शेजारी नाताळचा फराळ हक्काने मागतात.

आम्ही मध्यरात्रीच्या मिस्साला येऊ शकतो का?

जरूर या. बऱ्याच ठिकाणी मिस्सा मध्यरात्रीच्या आधीच सुरू होतो, तेव्हा त्या चर्चची वेळ विचारून घ्या आणि अर्धा तास आधी पोचा. मराठी, इंग्रजी, कोकणी असे वेगवेगळे मिस्सा असतात. पुष्कळ चर्चमध्ये आवारात मांडव घालतात, पुण्याची डिसेंबरातली रात्र बोचते, शाल आणा. चपला काढायच्या नसतात. सगळे उभे राहिले की उभं राहावं, एवढं पुरे.

एक विनंती. ख्रिस्तप्रसाद वाटतात तेव्हा रांगेत जाऊ नका. देवळातल्या प्रसादासारखा तो सगळ्यांना देत नाहीत. आम्ही तो प्रभूचं शरीर मानतो, आणि तो घेण्याआधी बाप्तिस्मा आणि तयारी लागते. तुम्ही जागेवर बसून राहिलात तर कुणी परकं समजत नाही. आमच्यातलेही काही जण बसलेले असतात. गर्दी नको असेल तर २५ ला दुपारी या, गोठा निवांत पाहता येतो.

शुभेच्छा काय द्यायच्या? भेट काय न्यायची?

'नाताळच्या शुभेच्छा' म्हणा, मन भरतं. आमच्यात 'जय ख्रिस्त' म्हणतात. भेट आणायलाच हवी असं नाही. आणावीशी वाटलीच तर किलोभर तांदूळ-डाळ आणा, ती मी आमच्या धर्मग्रामातल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेकडे पोचवते. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी गरिबांच्या घरी जाऊन मदत करायला ती सुरू केली, आज कितीतरी चर्चमध्ये तिचे गट आहेत. गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी न सांगता दोन गोधड्या शिवून दिल्या होत्या.

सोसायटीत नाताळ करायचाय. सांता, केक आणि डीजे ठरलंय. आणखी काय करावं?

डीजे नको, ही माझी पहिली विनंती. सांता असू दे, मुलांना आवडतो, फक्त त्याच्या थैलीतलं वॉचमन, सफाईवाल्या ताई आणि इस्त्रीवाले दादा यांच्या मुलांनाही मिळू दे, आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवा. एक छोटा गोठा मांडा. मूर्ती नसतील तर मुलांकडून मातीच्या करून घ्या, दिवाळीत किल्ला करणारे हात आहेत ते. आणि तो २६ ला काढू नका.

मग नाताळ संपतो कधी?

दुकानांत २५ च्या रात्री सेलच्या पाट्या बदलतात. आमच्याकडे त्या दिवशी सण सुरू झालेला असतो. ज्ञानी लोकांच्या आगमनाचा सण मूळचा ६ जानेवारीचा, आपल्याकडे तो जवळच्या रविवारी करतात. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळकाळ चालतो. तोवर आमचा गोठा दाराशेजारच्या कोपऱ्यात असतो, चांदणीही रोज लागते. 'अजून कशी काढली नाही' असं विचारत आत या, चहा होईल, डब्यात कुलकुल असतातच. नंतर मी मूर्ती पुसून कापसात गुंडाळते, बाळाला त्याच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवते, आणि नाचणीची वाळत आलेली रोपं मातीसकट कुंड्यांत मोकळी करते.